थरथरेपर्यंत कॉफी

एका जंगलात झाडं नव्हती. गवत नव्हतं. नुसती वाळूच वाळू होती. आता याला जंगल कसं म्हणायचं, असं तुमच्यातला एखादा चोंबडा विचारेलच. बाळांनो, गोष्ट मी सांगतोय की तुम्ही? मांडी घालून गप्प बसा.

तर त्या वाळूच्या जंगलात उंट राहत. त्यांच्यात फरहान नावाचा एक उंट होता. मानेने लांब आणि स्वभावाने गरीब. पाहुणा दिसला की त्याला आनंदाचं भरतं येई. त्याच्या तंबूत कॉफीची किटली चुलीवरून सहसा खाली उतरत नसे.

त्या उंटांची एक रीत होती. पाहुणा आला की बिनकानाच्या छोट्या कपात घोटभर कॉफी ओतायची. कप रिकामा झाला की पुन्हा ओतायची. पाहुण्याला पुरे झालं की तो हातातला कप जरासा हलवतो. हलवला की यजमान थांबतो. झालं! यजमानाने तोंडाने 'पुरे का?' असं मात्र कधी विचारायचं नाही. तो पाहुण्याचा अपमान.

फरहानच्या मुलीचं, हिसाचं, लग्न तोंडावर आलं होतं. बायकोने, म्हणजे नौफाने, वऱ्हाडासाठी कॉफीचं पोतं तंबूच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. वऱ्हाडाला कॉफी कमी पडली की सोयरीक मोडलीच म्हणून समजा.

आणि नेमका तेव्हाच वॉलरस आला.

हा वॉलरस बर्फाच्या देशातला थोर विद्वान. मिशा भरघोस, सुळे लांब, डोक्यावर ओला टॉवेल. उंट या विषयातली सगळ्यात मोठी पदवी त्याने एकही उंट न बघता मिळवली होती. आता उंटांवर ग्रंथ लिहायचा तर एकदा बघून घेऊ, म्हणून तो आला.

"या साहेब, बसा," फरहान म्हणाला आणि त्याने कप भरला.

वॉलरस कॉफी प्यायला. कडू जहर! पण लहानपणी समोर आलेलं संपवलं नाही की आई त्याची मिशी ओढत असे. त्याने कप रिकामा केला आणि पुढे धरला. फरहानने तो भरला. वॉलरसने पुन्हा संपवला. फरहानने पुन्हा भरला.

"हे थांबत का नाहीत?" वॉलरस मनात म्हणाला.

"हे थांबत का नाहीत?" फरहान मनात म्हणाला.

आता दोघांपैकी एकाने विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण फरहानला विचारायची चोरी. आणि वॉलरस विद्वान. तो निरीक्षण करायला आला होता, विचारायला नाही.

किटल्यांमागून किटल्या रिकाम्या झाल्या. नौफाने पडद्याआडून नवऱ्याला खूण केली.

"अहो, पोत्याला हात लागला! सांगा की त्यांना कप हलवायला!"

"पाहुण्याला शिकवू? वेड लागलंय का तुला?" फरहान कुजबुजला. पोतं खाली चाललं होतं, म्हणजे हिसाचं लग्नच खाली चाललं होतं.

इकडे वॉलरसची झोप उडाली होती. एवढी कॉफी पोटात गेल्यावर तो करणार काय? तो लिहीत सुटला. एका हाताने कॉफी, दुसऱ्या हाताने ग्रंथ. 'उंट किटलीला आपली आजी मानतात. तिच्यापुढे वाकूनच कप भरतात. पाहुण्याला ते झोपू देत नाहीत. यामागे काहीतरी गूढ आहे.'

पोतं संपलं. शेवटच्या कपाला वॉलरसचे हात लटलट कापायला लागले. हातातला कप गदागदा हलला.

"हलवला!" फरहान ओरडला. "अगं नौफा, साहेबांनी कप हलवला!"

नौफा धावत आली. हिसा आली. शेजारचे उंट आले. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. कुणी आनंदाने रडलं, नौफा पोत्यासाठी रडली. वॉलरसनेही डोळे पुसले आणि लिहिलं: 'पाहुणा थरथरू लागला की विधी पूर्ण होतो. असा हृदयस्पर्शी सोहळा मी कुठेही पाहिला नाही.'

तो गेला. लग्न पुढच्या हंगामावर ढकललं गेलं. नवऱ्या मुलाचा बाप मुतलक हा बडा तालेवार उंट होता. त्याने निरोप धाडला, 'एकदा चालवून घेतलं. पुन्हा कॉफी नाही म्हणालात तर मुलाला दुसरं घर बघू.'

फरहानने वर्षभर ओझी वाहिली आणि पुन्हा एक पोतं जमवलं. तेवढ्यात वॉलरसचा ग्रंथ छापून आला. 'उंट: एक गूढ जमात.' बर्फाच्या देशात त्याचा सत्कार झाला. मग ग्रंथ वाळूत आला. शिकलेसवरलेले उंट तो बगलेत मारून हिंडू लागले. ज्यांनी वाचला नव्हता ते तर जास्तच हिंडू लागले.

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड आलं. फरहानने मुतलकचा कप भरला. मुतलक प्यायला आणि त्याने कप पुढे धरला. तो हलवेना. वऱ्हाडातलं कुणीच हलवेना.

फरहानला घाम फुटला. "व्याहीबुवा, कॉफी आवडलेली दिसते."

"आवडायचं काय त्यात? विष आहे नुसतं," मुतलक म्हणाला. "पण आम्ही थरथरेपर्यंत पिणार. ग्रंथात तसंच आहे. आमच्याकडे सगळं रीतसर लागतं."

"अहो, पण ते माझ्याच तंबूत घडलं! साहेबांना कप हलवायचं ठाऊक नव्हतं. रीत तुम्हालाही माहीत आहे की. तुमचे वडील काय करायचे?"

"हलवायचे. अडाणी होते बिचारे," मुतलक म्हणाला. "आणि तुम्ही मला शिकवू नका. साहेबांनी उंटांचा अभ्यास केलाय. तुम्ही नुसते उंट आहात. ओता."

फरहान ओतत राहिला. काय करणार? पोतं पुन्हा खाली चाललं. दोन वऱ्हाडी थरथरायला लागले, पण मुतलकचा हात दगडासारखा. फरहानच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली रीत आपण सांगतोय आणि आपल्याच उंटांना ती पटत नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

तेव्हा हिसा पडदा सारून बाहेर आली.

"काका, तुम्ही पहिली आवृत्ती वाचलीत का?"

"म्हणजे?" मुतलक दचकला.

"दुसरी आलीय ना. साहेबांनी सुधारणा केल्या. थरथर काढून टाकली. कप नुसता हलवायचा, असं लिहिलंय."

मुतलकने इकडे तिकडे पाहिलं. मग तो मोठ्याने हसला.

"दुसरी होय! वाचलीय की मी. तुझ्या बाबांची परीक्षा बघत होतो!"

आणि त्याने कप हलवला. पाठोपाठ सगळ्या वऱ्हाडाने हलवला. लग्न थाटात लागलं.

निरोपाच्या वेळी फरहानने लेकीला बाजूला घेतलं.

"हिसा, दुसरी आवृत्ती आली कधी?"

"आली नाही, बाबा. तुम्ही खरं सांगून बघितलंत ना? मग मी काय करू?"

वऱ्हाड गेलं. फरहान थकून चुलीपाशी बसला. नौफाने उरल्यासुरल्या बियांची कॉफी करून त्याला दिली. तो ती शांतपणे प्यायला आणि आज्यापणज्यांपासून हलवत आले तसा त्याने कप हलवला. नौफा थांबली.

फरहानने कपाकडे जरा वेळ पाहिलं.

"अगं," तो हळूच म्हणाला, "बरोबर हलवला ना मी? ग्रंथात एकदा बघतेस का?"

तात्पर्य: आपल्याबद्दल खरं काय ते आपल्याला ठाऊक असून चालत नाही. ते एखाद्या वॉलरसने लिहावं लागतं, आणि तेही शक्यतो दुसऱ्या आवृत्तीत.