मागची सीट

लखनौच्या महानगर मोहल्ल्यात आमच्या खाली राहणारे गजभियेसाहेब संध्याकाळी सब्जी आणायला निघाले, की मी चहाचा कप घेऊन गॅलरीत येऊन बसायचो. पुढे स्कूटरवर साहेब, मागे सायकलरिक्षात वहिनी. दारात स्कूटर असताना बायको भाड्याच्या रिक्षात! आणि चुकामूक नको म्हणून साहेब स्कूटर इतकी हळू चालवायचे, की रिक्षावालाच वैतागायचा. "बाबूजी, आप कहें तो हम आगे निकल जाएँ?"

साहेब मूळचे नागपूरचे. सरकारी विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे बघायचे. मी रेल्वेत, नुकताच बदलून आलेला, सडाफटिंग. लखनौत मराठी कानावर पडतंय म्हणून त्यांच्याकडे पडीक असायचो. पण काहीही काढा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जोखीम कोणाची?" होळीला शेजारच्यांनी गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, पाठवल्या. साहेबांनी एक उचलून हुंगली आणि म्हणाले, "डालडा कधीचा आहे? जोखीम कोणाची?" आता काय बोलणार, कप्पाळ!

एकदा तर चारबाग स्टेशनपाशी त्यांनी चालत्या स्कूटरपुढे हात आडवा केला. स्कूटरवर नवरा, बायको आणि पोरांचं अख्खं लेंढार. साहेबांनी एकेकाकडे बोट दाखवलं. "ये आगे जो खड़ा है, इसका बीमा नहीं है. पीछे बहनजी का भी नहीं है."

"आप आरटीओ से हैं?" तो माणूस घाबरून म्हणाला.

"नहीं. बीमे से."

मग त्याने लखनवी अदब गुंडाळून ठेवून जे सुनावलं, ते ऐकून मी रस्ता ओलांडला आणि ओळख नसल्यासारखा उभा राहिलो.

परत येताना साहेब मला समजावत होते, "अरे, कायदा बघ. गाडीखाली येणाऱ्या परक्या माणसाचा विमा सक्तीचा. आपल्याच मागे बसलेल्या माणसाचा नाही. तो हवा तर वेगळे पैसे भरा. कोण भरतं?"

वहिनींचं मागणं फार मोठं नव्हतं. अलीगंजला दरवर्षी भीमजयंतीचा कार्यक्रम व्हायचा. बाकीच्या बायका नवऱ्याच्या मागे बसून ऐटीत यायच्या. "एकदा तरी न्या हो तसं," एवढंच त्या म्हणायच्या. साहेबांचं उत्तर एकच, "रिक्षा सांगतो."

त्या जयंतीला मी खाली गेलो, तर वहिनी पांढरी साडी नेसून तयार आणि साहेब रिक्षा आणायला निघालेले. वहिनींचा चेहरा बघवेना. त्या आत वळल्या आणि माझं डोकंच सटकलं. "साहेब, एवढी जोखमीची काळजी आहे, तर भरा ना मागच्या सीटचे पैसे! चिंगूसपणा कशाला?"

ते चिडतील असं वाटलं होतं. पण ते चपला घालता घालता थांबले.

"भरतो रे. गाडी घेतली तेव्हापासून भरतोय."

"मग?"

ते खुर्चीवर टेकले. "कोर्टात एक दावा होता. ट्रकने स्कूटरला धडक दिली, मागे बसलेली बाई गेली. ट्रकचा विमा आमच्याकडे. भरपाई ठरवायची, तर बाईंची कमाई किती, असं जजनी विचारलं. कंपनीकडून मी उभा होतो. मी म्हटलं, काही नाही, घरीच असायच्या. तिचा नवरा समोर होता. म्हणाला, साहब, सब कुछ तो वही करती थी." साहेबांनी पायातली चप्पल काढून ठेवली. "पैसे मिळतात रे. तुझ्या या सुमनवहिनीचे किती लावतील, ते मला ठाऊक आहे."

 वहिनी दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी ही अशी काळी, जाडी. मागे बसवून चार लोकांत न्यायची लाज वाटते तुम्हाला."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "येडी आहेस का तू?" ते म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि स्कूटर काढायला बाहेर गेले.

मी फाटकापर्यंत गेलो. वहिनी जपून बसल्या, पदर खोचला, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांनी सवयीने अलीगंजच्या सरळ रस्त्याकडे गाडी वळवली.

"इकडून नको," वहिनी म्हणाल्या. "बाजारातून घ्या. तिथं सगळे ओळखीचे असतात."