राखराजाचा चेहरा

शहाद्याच्या बाजारात रतनआप्पा शिंपी समोरून येताना दिसले की ओळखीची माणसं रुमालानं तोंड पुसायला लागत. आप्पा बोलण्याआधी चेहरा दोन्ही बाजूंनी बघत आणि गंभीरपणे निकाल देत. आमच्या प्राचार्यांना त्यांनी भाजीच्या गाडीपाशी सांगितलं होतं, "सर, तुमन्या भिवया खलनायकन्या शेतस." त्यांच्या लेखी ही मोठी स्तुती होती. प्राचार्य पुढे बरेच दिवस जाड काड्यांचा चष्मा लावून फिरले.

आप्पांचा धंदा शिवणकामाचा. पण गॅदरिंग असो, उत्सवातलं नाटक असो की पोरं मोबाइलवर काढतात ती अहिराणी फिल्म असो, दुष्ट माणूस उभा करायचा तो आप्पांनीच. नायकाला ते हात लावत नसत. त्याला काय, पावडर लावली की झालं, म्हणत.

मी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवतो आणि फावल्या वेळात चित्रं काढतो. कॉलेजच्या अंकासाठी मी एक चित्रकथा काढली होती. त्यात सातपुड्यातली जंगलं जाळत सुटलेला राखराजा होता. काळा झगा, राखेनं माखलेले केस, चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे चट्टे. चट्टे का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मुलांनी त्या कथेची फिल्म करायचं ठरवलं आणि आम्ही आप्पांकडे गेलो.

राखराजा कोण होणार, यावर पहिलं भांडण झालं. मुलांनी तीन पैलवान आणून उभे केले. आप्पांनी तिघांनाही परत पाठवलं आणि ग्रंथालयातल्या वसंताला निवडलं. वसंता म्हणजे पुस्तक उशिरा परत केलं तरी आपणच ओशाळणारा माणूस. आप्पा म्हणाले, "जो कधी वरडना नही, तो वरडना म्हणजे लोके घाबरतीन." तालमीत वसंता ओरडला तेव्हा दिग्दर्शक पोरगी खरंच दोन पावलं मागे सरली.

झगा जुन्या छत्र्यांच्या कापडाचा झाला. वाऱ्यात तो फडफडला की अंगावर काटा यायचा. कॉलर ताठ राहावी म्हणून आप्पांनी आत एक्स-रेच्या फिल्मा घातल्या. केसांना पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, राख खोबरेल तेलात कालवून लावली. सगळं माझ्या चित्राबरहुकूम होतं, फक्त चट्टे नव्हते.

मी विचारलं तर आप्पा म्हणाले, पांढरा रंग संपला. मी रंग आणून दिला. दुसऱ्या दिवशीही वसंताचा चेहरा तसाच. तो रंग खाजतो म्हणे. तिसऱ्या दिवशी काही कारणच दिलं नाही. मुलं वैतागली. आप्पा आता थकले, नंदुरबारहून दुसरा मेकअपवाला बोलावू, असं ठरलं. ते आप्पांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

दुपारी गेलो तर दुकान उघडं होतं, आप्पा नव्हते. आतून मशीनचा आवाज येत होता. हाक मारून मी पडदा सारला.

आत एक बाई झग्याची किनार शिवत होत्या. गालांवर, ओठांभोवती, दोन्ही हातांवर कोड. आप्पांना बहीण आहे हे मी ऐकून होतो, पण इतक्या वर्षांत तिला कधी पाहिलं नव्हतं. मशीनसमोरच्या भिंतीवर माझं चित्र टाचलेलं होतं. झग्याचा घाट समजावा म्हणून आप्पांनीच ते दिलं असणार. ते बघत बघत त्या आठवडाभर शिवत होत्या.

त्यांनी मशीन थांबवलं. उठून मला पाणी दिलं.

"मी आप्पाले सांगं, जसं काढेल शे तसं कर," इंदूबाई म्हणाल्या. "तो आयकत नही."

तेवढ्यात आप्पा आले. मला आत पाहून दारातच थांबले. मी त्यांना म्हणालो, माझं चुकलं, तुम्ही मला आधी सांगायचं होतं. आप्पांनी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"काय सांगू, सर? चित्र तुमनं व्हतं."

मी नवा कागद मागितला आणि तिथेच बसून राखराजा पुन्हा काढला, चट्ट्यांशिवाय. पंख्यानं कागद उडत होता, म्हणून आप्पांनी त्यावर तळहात ठेवला. काढून होईपर्यंत हात त्यांनी उचलला नाही. मेकअपवाल्याचा विषय मी काढलाच नाही. संध्याकाळी मुलांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनीही तो पुन्हा काढला नाही.

फिल्म कॉलेजच्या सभागृहात दाखवायची ठरली. आप्पांना आम्ही पुढे बसवलं होतं. सुरू होण्याआधी ते उठले आणि फिल्म मोबाइलमध्ये घालून द्या म्हणाले.

"तिनासंगे देखसू," एवढंच बोलून ते निघून गेले. इंदूबाई चार माणसांत जात नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. वसंता पडद्यावर आला तेव्हा सभागृह कसं गप्प झालं आणि शेवटी किती वेळ टाळ्या वाजल्या, ते सांगितलं. आप्पा एका शर्टाला काजं करत होते. मान वर न करता म्हणाले,

"घरमा बी वाजन्यात, सर. एकच जन व्हतं, पन वाजन्यात."