कुणी टेकलंय का बघा

आमचे वहीदभाई बाकावरून उठण्याआधी दोन्ही बाजूंना बघतात आणि विचारतात, "कुणी टेकलंय का?" बाकावर ते एकटेच असले तरी. शिडी, फाईल, कपाटाखालची वीट, काहीही हलवायचं म्हटलं की हाच प्रश्न. त्यांच्या चहाच्या कपाखालची वही मी एकदा न विचारता ओढली, तर दिवसभर अबोला.

सिडकोतल्या आमच्या छोट्या कंपनीत ते डेटाबेस सांभाळतात. डोळ्यांच्या एका दवाखान्याचं काम आमच्याकडं आहे. त्यात पेशंटपुढं गावाचं नाव नसतं, गावाचा नंबर असतो, आणि तो नंबर गावांच्या यादीत असावाच लागतो. ज्या गावावर पेशंट टेकलेत ते पुसायला गेलं, की डेटाबेस नकार देतो. याला सगळे फॉरेन की म्हणतात. वहीदभाई 'टेकू' म्हणतात.

मी नवीन होते. यादीत पाचोड दोनदा दिसलं. एक पुसायला गेले तर नकार. मला राग आला. मी टेकूची तपासणीच बंद केली, पाचोड पुसलं आणि मोकळा झालेला सतरा नंबर यादीत नव्यानं आलेल्या कन्नड गावाला देऊन टाकला. वर टापटीप केल्याचं समाधान.

दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूचे पेशंट आणायला निघालेली गाडी पाचोडऐवजी कन्नडला गेली. पाचोडची म्हातारी माणसं दुपारपर्यंत स्टँडवर बसून. तोवर कन्नडचे खरे पेशंटही सतरावरच नोंदले गेले होते. कोण कुठलं, कळायला मार्ग नव्हता. मला रडूच आलं.

वहीदभाई फोन घेऊन बसले.

"आजी, गाव कोणतं तुमचं?"

"तुला काय करायचंय रं माझ्या गावाशी?"

"तुमचा टेकू शोधायलोय, आजी."

संध्याकाळपर्यंत एकेक माणूस आपापल्या गावाला लागलं. मग मालकांनी मला बोलावलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. मागून वहीदभाई आत आले.

"साहेब, हिला काढता येणार नाय."

"का?"

"टेकलंय कुणीतरी."

"कोण?"

वहीदभाई चष्मा पुसू लागले. "मी. बेगम गेल्यापासून डबा एकटाच खायचो. ही आल्यापासून दोन घास जास्त जातात."

नोकरी राहिली. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. आता रजा टाकायची असली, की आदल्या दिवशीच ऑफिसात कुणाला तरी सांगून ठेवते, उद्या वहीदभाईंसोबत डबा खायला बस.