एक्केचाळिसावी ओळ

आमच्या गुंडूअण्णा कुलकर्ण्यांना कोणी पत्ता विचारला, की ते आधी दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलत, दोन-दोन बोटं हवेत वाकवत आणि मगच पत्ता सांगत. पत्ता संपला की बोटं पुन्हा एकदा वाकायची आणि हात खाली यायचे. लग्नकार्यात कोणाशी ओळख करून दिली, तर म्हणत, "कुलकर्णी, गुंडो विष्णू," मग बोटं, "गिरणीच्या मागं, मारुतीच्या देवळाशेजारी, केशवापूर," परत बोटं, मग फोन नंबर आणि शेवटी "दोन." समोरचा माणूस भांबावून नमस्कार करायचा. एका रिक्षावाल्यानं तर काळजीनं विचारलं होतं, "यजमान्र, कै नोव ऐतेनरी?" म्हणजे, मालक, हात दुखतोय का?

हात दुखत नव्हता. अण्णा स्वतःची ओळख फाईलमधल्या ओळीसारखी करून देत होते, इतकंच.

हुबळीतल्या मराठी घरांचं आमचं एक मंडळ आहे. त्याची घरवार यादी अण्णांकडे. नव्वदच्या दशकात ती एका लांबलचक वहीत होती. भूमापन कचेरीतून अण्णा निवृत्त झाले आणि त्यांच्या मुलानं, श्रीपादनं, ती कॉम्प्युटरवर घ्यायला शिकवलं. श्रीपाद इंजिनिअर. आई तो शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. दोन हजार चारच्या सुमारास त्याला अमेरिकेत नोकरी लागली, तेव्हा जाण्याआधी तीन महिने तो रोज संध्याकाळी बापाला पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवत होता. त्या भाषेत सीएसव्ही फायली वाचायची एक तयार लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रामांचा संच, असते. सीएसव्ही म्हणजे साधी मजकुराची फाईल: एका घराची एक ओळ, आणि ओळीतले रकाने स्वल्पविरामानं तोडलेले. आता आमच्या गावचे पत्ते म्हणजे "गुळाच्या दुकानामागं, पिंपळापाशी, विहिरीच्या अलीकडं, जुनी हुबळी." प्रत्येक स्वल्पविरामाला फाईल रकाना तोडणार आणि पिंपळ फोन नंबरच्या जागी जाऊन बसणार. म्हणून पत्ता अवतरणचिन्हांत घालायचा. हे अण्णांच्या मनावर इतकं बिंबलं, की ते बोटांतही उतरलं.

साठीनंतर माणसं पोथीकडे वळतात. अण्णा त्या लायब्ररीकडे वळले. "वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा," ते मला समजावत. मी शेजारच्याच गल्लीत राहते, हायस्कुलात गणित शिकवते आणि मंडळाची सहचिटणीस आहे, म्हणजे खुर्च्या मोजते. "हे बघ टीचर, रीडर जुन्या फाईलीतली एकेक ओळ वाचतो. रायटर नव्या फाईलीत ती लिहितो. काय बदलायचं ते मधे बदलायचं. मूळ दप्तरावर खाडाखोड करायचीच नाही. आमच्या कचेरीत असंच होतं, म्हणून कचेरी चालत होती." कचेरी चालत होती, हे विधान मी तपासलेलं नाही.

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य, "रीडर मागं येत नाही." एकदा ओळ वाचून पुढं गेला, की तो आपण होऊन मागची ओळ देत नाही. परत हवी असेल तर फाईल पहिल्यापासून उघडायची. हे तत्त्व अण्णा सगळ्या जगाला लावत. सभेला उशिरा येऊन कोणी "काय ठरलं?" म्हणून विचारलं, की "रीडर मागं येत नाही." पंगतीत चटणी वाढून गेलेला वाढपी परत चटणी घेऊन आला, तर पानावर आडवा हात धरून तेच. त्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला तिखट चालत नाही.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. शेवटच्या रकान्याशी मात्र गंमत संपायची. तो रकाना घरातल्या माणसांचा. मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात माणशी एक फराळाचा पुडा मिळतो, तो या आकड्याप्रमाणे. आणि या आकड्याबाबत अण्णांनी एक नियम केला होता: ज्याचं घरात लागोपाठ दोन दिवाळ्या अंथरूण पडलं नाही, तो वजा. बाहेरगावी गेलेल्यांची त्यांनी एक निराळी फाईल ठेवली होती. तिच्यात नावापुढं दोन दिवाळ्या गैरहजर असं पडलं, की प्रोग्राम मोठ्या यादीतल्या त्या घराच्या आकड्यातून एक उडवायचा.

ती वर्षंच अशी होती. ज्याचं त्याचं पोर बेंगळूर नाहीतर परदेश गाठत होतं. दर वर्षी गल्लीगल्लीतले आकडे कमी होत गेले. जोशीकाकूंचा मुलगा सिंगापूरला. त्यांचा तीनाचा आकडा दोनावर आला, तेव्हा त्या अण्णांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मीही तिथंच होते.

"अण्णा, पुडा नको हो मला. पण आकडा तेवढा ठेवा. येतो म्हणालाय तो दिवाळीला."

"आला की वाढवू की."

"एवढं काय बिघडतंय तुमचं?"

"यादी बिघडती, अक्का. यादीला अंतःकरण नसतं. रकाने असतात."

काकू डोळ्यांना पदर लावून गेल्या. मला अण्णांचा इतका राग आला, की त्यांनी पुढं केलेला चहा मी तसाच ठेवून निघाले.

पुढं अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यानं आधीच राजीनामा दिलेला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर पडद्याकडे बघायचं नाही असं बजावलं. मेळावा तोंडावर. आमचे नवे चिटणीस चव्हाण, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि त्यांनी नुकताच लॅपटॉप घेतला होता. नवा लॅपटॉप घेतलेल्या माणसाच्या हातात यादी देऊ नये, हे तेव्हा कोणाला सुचलं नाही. चव्हाणांनी अण्णांची फाईल दोनदा टिचकी मारून स्प्रेडशीटच्या प्रोग्राममध्ये उघडली, "किती सोपं आहे हो!" म्हणाले आणि सेव्हचं बटण दाबलं.

आमच्याकडे घर नंबर असतात पाच-बारा, तीन-चार असे. त्या प्रोग्रामला वाटलं, या तारखा आहेत. त्यानं मोठ्या मनानं सगळ्यांच्या तारखा करून टाकल्या. फोनच्या आधीची शून्यं फुकटची समजून पुसली. वर चव्हाणांनी नावं अकारविल्हे लावली, ती फक्त नावांचाच रकाना निवडून. त्यामुळे नावं हलली आणि बाकीचं सगळं जागच्या जागी राहिलं. आमंत्रणं गेली. पाटील राहायला गेले पाच डिसेंबरला. एकट्या राहणाऱ्या वकिलांच्या पाकिटावर माणसं अकरा. पोस्टमन गठ्ठा घेऊन चव्हाणांच्या दुकानात आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, "इदु अड्रेस अल्लरी, तारीख ऐतरी!" हा पत्ता नव्हे, तारीख आहे. चव्हाणांनी त्याला चहा पाजला आणि दोष कॉम्प्युटरला दिला.

तातडीची सभा बसली. तीत पाऊण तास चव्हाणांचा लॅपटॉप कुठल्या कंपनीचा यावर गेला. मग कोणीतरी म्हणालं, नाहीतरी अण्णांचं वय झालं, यादी आता कायमची चिटणीसांकडेच राहू दे, ते शिकतील हळूहळू. माना डोलायला लागल्या. काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसलेले अण्णा भिंतीला धरून उठले.

"माझ्याकडं गेल्या वर्षीची फाईल हाय. यंदाचे बदल घालून रविवारपर्यंत नवी यादी देतो. टीचरनं एकेक ओळ तपासून खाली सही करायची. एक जरी ओळ खोटी निघाली, तर यादी चव्हाणांची. मी परत हात लावणार नाही."

तो माणूस त्या यादीवर जगत होता. तिच्यासाठी सकाळी उठायचा, चार घरी जायचा, चौकशा करायचा. यादी गेली तर त्या घरात एक कॉम्प्युटर आणि एक म्हातारा उरणार होता, दोघंही बंद. माझा राग होता तिथंच होता, पण मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. अण्णांनी चाचपडत चहा केला, मला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि स्वतः पाठीमागं आरामखुर्चीत बसले.

"प्रोग्राम वाचत बसू नकोस. नुसता चालव."

गणिताच्या शिक्षिकेला असं सांगू नये. मी वाचला. पाच-पंचवीस ओळींचा तर होता. फाईल उघड, ओळ वाच, बाहेर गेलेल्यांत दोन दिवाळ्या सापडल्या तर एक वजा कर, नव्या फाईलीत लिही. आणि मध्येच एक ओळ: क्रमांक एक्केचाळीस असेल, तर काही करू नकोस, आहे तसं लिही. एक्केचाळीस कोण, हे मला ठाऊक नव्हतं. असेल कोणी अध्यक्षांचा साडू, असं मनात म्हणून मी प्रोग्राम चालवला आणि नवी यादी मोठ्यानं वाचायला घेतली.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. दर ओळीला म्हणत, "बरोबर. मुंद." मुंद म्हणजे पुढं. मधूनच, "थांब, त्यांची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय. दोन दिवाळ्या व्हायच्यात, राहू दे. मुंद." जोशीकाकूंच्या दोनाला, "बरोबर. मुंद." अख्ख्या गावाची माणसं त्यांना तोंडपाठ होती.

"एक्केचाळीस," मी वाचलं. "कुलकर्णी, गुंडो विष्णू, गिरणीच्या मागं, मारुतीच्या देवळाशेजारी, केशवापूर." फोन वाचला. मग शेवटचा रकाना. "दोन."

"बरोबर. मुंद."

हे नेहमीपेक्षा जरा लवकर आलं. मी पुढं गेले नाही. इतकी वर्षं लग्नामुंजीत हा माणूस बोटं वाकवून "दोन" म्हणत होता आणि आम्ही बोटांकडे बघून हसत होतो. तो आकडा कोणी ऐकलाच नव्हता.

"अण्णा, दोन?"

"मुंद, टीचर."

"श्रीपादला येऊन किती वर्षं झाली?"

"फोन करतो की. गणपतीत केला होता."

"किती दिवाळ्या झाल्या?"

अण्णांनी बोटांवर मोजलं. "पाच," म्हणाले. मग खुर्चीत ताठ बसून कचेरीच्या आवाजात म्हणाले, "नियम काय हाय? अंथरूण पडलं पाहिजे. पडतंय. दर दिवाळीला आदल्या दिवशी मी त्याची गादी उन्हात टाकतो, आतल्या खोलीत घालतो, धुतलेली चादर घालतो. कोण झोपलं पाहिजे असं नियमात कुठं लिहिलंय?"

मी वळून आतल्या खोलीकडे बघितलं. दिवाळीला अजून दोन आठवडे होते. गादी आत्ताच घातलेली होती.

खरं सांगते, इतके दिवस या माणसाला चार शब्द सुनवायचे म्हणून मी दबा धरून बसले होते, आणि आयती संधी आली तेव्हा मी नुसती त्या गादीकडे बघत राहिले. रविवारी सही मला करायची होती. ओळ खोटी होती, आणि यादी जावी की राहावी हे माझ्या पेनवर होतं.

"जोशीकाकूपण घालतात गादी," मी शेवटी म्हटलं. "सिंगापूरवाल्याची. मी बघितलीय."

अण्णांनी काळा चष्मा काढला, डोळ्याखाली पुसलं, परत लावला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

"पाटलांच्याकडं?"

"घालत असतील."

"वकील पण?"

"विचारायचं का?"

"विचारायचं नसतंय गं असलं," अण्णा म्हणाले. आणि मग अगदी हळू, "केवढी रडली ती जोशीण त्या दिवशी. आणि मी तिला रकाने सांगितले."

"पुढं वाचू?"

"नको. रीडर मागं येत नाही."

"मग फाईल पहिल्यापासून उघडायची. तुम्हीच शिकवलंय."

"उघड की मग."

मी उघडली. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. बाहेर गेलेल्यांच्या फाईलीतलं, वजा झालेलं एकेक नाव घ्यायचं, त्याचं घर शोधायचं, एक वाढवायचा, नव्या फाईलीत लिहायचं. वजाबाकीच्या जागी बेरीज, बाकी प्रोग्राम तोच. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. जोशीकाकूंचे तीन झाले तेव्हा अण्णा "बरोबर" म्हणाले आणि "मुंद" म्हणायला विसरले.

रविवारी सभेत मी यादी ठेवली. खाली लिहिलं, सर्व ओळी तपासल्या, खऱ्या आहेत, आणि सही केली. आकडे एकदम इतके कसे वाढले, असं चव्हाणांनी विचारलं. अण्णांनी त्यांना नियम बदलल्याचं सांगितलं: ज्याची गादी घरात आहे, तो घरातला. चव्हाणांचा धाकटा भाऊ दुबईला होता. त्यांनी यादी पुढच्याकडे सरकवली. त्या दिवाळीला पुडे कमी पडले आणि स्वयंपाकीण सगळ्यांवर उखडली. जोशीकाकूंचा पुडा अण्णा स्वतः घेऊन गेले, काळा चष्मा लावून, माझा हात धरून.

श्रीपाद त्या वर्षीही आला नाही. पण त्या शनिवारी निघताना मी विचारलं होतं, प्रोग्राममधली ती एक्केचाळीसची ओळ, तिचं काय करायचं?

"काढून टाक," ते म्हणाले. "आता कुणाचंच वजा करायचं नाही. माझ्यापुरती वेगळी ओळ कशाला पाहिजे?"