पाठीचं माप

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाच्या पाठीचं ऑपरेशन झालं, की तो माणूस घरी येऊन टेकतो न टेकतो तोच परब दारात हजर. हातात फळं नाहीत, शहाळं नाही. गळ्यात टेप.

"जरा सदरा वर करा. टाके बघूचे आसत."

परब म्हणजे माझ्या भिंतीपलीकडचे शेजारी. चाळीस वर्षं पँटी शिवल्या. वाकून वाकून कमरेतला एक मणका दुसऱ्यावरून सरकला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन मणके स्क्रूने एकमेकांना जोडायचे. त्याला वाटा दोन. जुनी वाट म्हणजे पाठ मधोमध उघडायची, मांस बाजूला सारायचं नि काम करायचं. नवी म्हणजे चार बारीक छेद द्यायचे, त्यांतून नळ्या घालायच्या नि तेच काम करायचं.

"म्हणजे शिवण उसवायची की काजं पाडायची, एवढाच प्रश्न," परब म्हणाले.

तो एवढाच प्रश्न दोन वर्षं चालला. काही बोललं की म्हणायचे, "घाई केली की कापड वाया."

तळमजल्यावरच्या साळवींचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईबाईंचं नव्या. एका रविवारी परबांनी दोघांना गॅलरीत स्टुलांवर समोरासमोर बसवलं. बाईमाणसाच्या पाठीला हात कसा लावायचा, म्हणून टेप माझ्याकडे दिला.

"वयनी, तुमी मापा. मी लिवतंय."

वही गिऱ्हाइकांच्या मापांचीच. लिहायचं पेन्सिलीने, कारण माप बदलतं. साळवींची शिवण सहा इंच भरली. बाईंची चार काजं, एकेक इंचाची.

"मी तिसऱ्या दिवशी घरी आले," बाई म्हणाल्या. "रक्तही फारसं गेलं नाही."

"मी आठ दिवस पडून होतो. जावयाने रोज डबा आणला. तुम्हाला मिळाला?"

"मला लवकर घरी जायचं होतं, जेवायचं नव्हतं."

"आता वर्ष झालं. जिना आपण दोघं सारखाच चढतो की नाही, सांगा!"

ते मात्र बाईंना कबूल करावं लागलं.

परबांचा शेवटचा प्रश्न ठरलेला. "सोबत कोण होता?" साळवींची बायको, मुलगा, जावई. बाईंची लेक. सगळं वहीत उतरलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला नसत्या चौकशा.

इकडे त्यांच्या पायातली ताकद जायला लागली. नळावरून दारापर्यंत येताना तीनदा कठड्याला टेकायचे. चप्पल निसटून मागे राहिली तरी कळायचं नाही. एकदा ती चप्पल मीच उचलून आणली नि सांगितलं, "परबानूं, कापड वाचवता वाचवता गिऱ्हाईक जाईल." आणि टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं.

डॉक्टर तरुण होते, पण सरळ बोलले. "आतलं जोडकाम तेच. छोट्या छेदांनी सुरुवातीला कमी दुखतं, घरी लवकर जाता येतं. पुढे फारसा फरक राहत नाही. ती पद्धत सगळ्यांना चालत नाही, तुम्हाला चालेल. पण पाय एकदा गेला तर परत येईलच असं नाही. कधी करायचं?"

"विचार करतंय," परब म्हणाले.

"मग दोन वर्षं काय झोपला होतात?" मी म्हटलं.

बाहेर बाकावर टेकताना त्यांनी फाईल माझ्याकडे दिली. मी उघडली. मी चौथी शिकलेली, अडखळत वाचते, पण वाचते. आत दाखल होण्याचे दोन फॉर्म, एक ह्या इस्पितळाचा, एक दुसऱ्याचा. नाव, वय, पत्ता, सगळं सुबक अक्षरात. "सोबत राहणारे नातेवाईक" यापुढे दोन्हीकडे कोरं. एका ठिकाणी लिहून पुसलं होतं, इतकं की कागद विरला होता. लग्न त्यांनी केलं नाही. एक भाऊ होता, तो गावी वारला.

"म्हणजे काजं की शिवण, हा प्रश्न नव्हताच," मी म्हटलं.

परब टेपची गुंडाळी करत बसले.

मी पेन नि फॉर्म घेतला नि दाखल करून घेतात त्या खिडकीशी गेले. कोऱ्या जागेत माझं नाव लिहायला मला वेळ लागतो. खिडकीतली मुलगी खोळंबली.

"आजी, नातं काय?"

"भिंतीला भिंत."

"तसं नाही. रक्ताचं कुणी?"

"रक्ताचं असतं तर मी कशाला आले असते? लिही, शेजारीण."

शेवटी काजंच पाडली. चार. चौथ्या दिवशी घरी आणलं. टाके सुकल्यावर मीच टेप घेऊन गेले नि म्हटलं, "वही काढा."

त्यांनी स्वतःचं पान काढून पुढे केलं. मापं माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. खालची एकच ओळ भरलेली, तीही पेनने.

"सोबत: वयनी. खुर्चीत बसल्या बसल्या घोरतात."

मी घोरत नाही. पण शाई पुसली जात नाही, म्हणून राहू दिलं.