परब मॅडम आणि माहुलच्या निवट्या

माझ्या लग्नात परब मॅडम स्टेजवर आल्या, पुष्पगुच्छ माझ्या हातात कोंबला आणि फोटोग्राफर "स्माइल, स्माइल" करत असताना कानाशी पुटपुटल्या, "गोगलगायींचा डेटा कुठे ठेवलायस?"

"लॅपटॉपवर."

"म्हणजे कुठेच नाही."

मॅडम आमच्या मुलुंडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. कुठला प्राणी कुठल्याचा भाऊबंद, हे जनुकं तपासून आम्ही वंशवृक्षासारखं झाड मांडतो. छापून येतं ते त्या झाडाचं चित्र. ज्या फायलींवरून झाड उभं राहतं, त्या पडून राहतात कोणाच्या तरी लॅपटॉपात. मॅडमचा जीव त्या फायलींत. "मेल्या, चित्र काय भिंतीवर लावू? झाड दे!" हे त्यांनी ज्येष्ठ प्राध्यापकांनाही भर सभेत सुनावलेलं.

आम्हा सात-आठ संशोधक विद्यार्थ्यांना दर शनिवारी बसवून त्यांनी नियमच ठरवले. फाइल कोणालाही उघडता आली पाहिजे, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या संग्रहात गेली पाहिजे. फाइलीचं नाव 'फायनल' असेल त्याने समोसे आणायचे. माझं 'फायनल नवीन खरंच फायनल' निघालं. तीन शनिवार मीच आणले.

हळूहळू सगळ्यांची झाडं संग्रहात गेली. मॅडमचंच नव्हतं. त्यांचं काम निवट्यांवर, खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या माशांवर.

"मॅडम, तुमच्या निवट्या कुठायत?" मी थट्टेत विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "उद्या वाकोल्याला चल."

रिक्षात त्या बोलल्या. माहुलच्या खाडीत त्या आणि शैला कांबळे, दोघी मैत्रिणी, मिळून निवट्या गोळा करायच्या. मग शोधनिबंधावर आधी कोणाचं नाव छापायचं यावरून बिनसलं. पुढे शैलाताई आजारी पडल्या. काम पुरं करायला त्यांना मॅडमकडच्या फायली हव्या होत्या.

"दोनदा फोन आला. मी उचलला नाही. ती गेली. मग माझा लॅपटॉपही गेला."

वाकोल्याला शैलाताईंच्या नवऱ्याने काही न विचारता एक वही आणि पेनड्राइव्ह पुढे केला. "ती म्हणाली होती, सुमन येईल, तिला दे."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मॅडम वहीतून सांगत होत्या, मी टाइप करत होतो. निवटी कधी, कुठे सापडली, कोणी पकडली. प्रत्येक ओळीत दोन नावं, सुमन परब, शैला कांबळे. अर्ध्या वहीनंतर एका तारखेशी मॅडम थांबल्या.

"हे चूक आहे. इथून पुढे मी नव्हतेच. भांडण झालं होतं आमचं."

"राहू दे ना मॅडम. त्यांनीच लिहिलंय."

"डेटा खोटा ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. मला उठवून त्या स्वतः खुर्चीत बसल्या आणि एकेका ओळीतून आपलं नाव काढत गेल्या.

"आजारी होती रे," मध्येच म्हणाल्या, "आणि चिखलात एकटी उतरत होती."