यादीतलं शेवटचं भांडं

घटस्फोटाचं काम घेऊन कोणी दगाजीनाना वकिलांकडे गेलं, की नवऱ्यानं मारलं का, सासूनं छळलं का, असलं काही ते विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "यादी आहे का?"

आमच्या खानदेशात लग्न ठरलं की चार मोठी माणसं बसतात आणि मुलीला काय काय द्यायचं ते कागदावर लिहून काढतात. कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं. हीच ती यादी. लग्न पार पडलं की ती ट्रंकेच्या तळाशी जाते आणि पुढे तिला वाळवीशिवाय कोणी हात लावत नाही. धुळ्याच्या कोर्टात ती वाचणारे नाना एकटेच. वकिलाचं नाव दगाजी, यावर बाररूममध्ये पुष्कळ विनोद होत. पण ते नाना स्वतःच आधी सांगून टाकत, त्यामुळे बाकीच्यांची मजा जाई.

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्या थोरल्या बहिणीसाठी. सुमनअक्काला फैजपूरला दिली होती, केळीवाल्यांच्या घरात. सात वर्षांत मूल झालं नाही, म्हणून सासूनं एका सकाळी तिला नेसत्या लुगड्यानिशी माहेरी धाडलं. आमचे मेहुणे वसंतराव तिला एसटी स्टँडवर सोडायला आले आणि खिडकीजवळची जागा बघून दिली. एवढाच त्यांचा पराक्रम. त्याला चार वर्षं झाली होती. अक्का धुळ्यात बालवाडी चालवायला लागली, आणि एका शिबिरात तिची पिंपळनेरच्या एका विधुर मास्तरांशी ओळख झाली. मास्तरांनी मला रीतसर विचारलं. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "आधी तिकडचं मोकळं कर." मास्तरांची आई थकलेली होती. वर्षभर थांबते म्हणाली. त्यानंतर मात्र ती दुसरी मुलगी बघणार होती.

नुकताच कायदा बदलला होता. नवरा-बायको दोघांचं मत असलं तर दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं आणि पुन्हा येऊन न्यायाधीशांसमोर हो म्हणायचं. वसंतराव कशालाच नाही म्हणणारे नव्हते. तेव्हा काम सरळ होतं, कुठल्याही वकिलानं केलं असतं. पण पाटबंधारे खात्यातले माझे साहेब म्हणाले, "दगाजीनानांकडे जा. त्यांच्याकडे गेलेली बाई रिकाम्या हातानं परत येत नाही." मला हा दिलासा वाटला. ती धमकी होती हे मागाहून कळलं.

"नाना, मला तिकडचं काही नको," अक्का म्हणाली. "फक्त सुटका पाहिजे."

"सगळ्या हेच म्हणतात पोरी," नाना म्हणाले, "आणि दहा वर्षांनी तव्यासाठी रडतात. सांग, पहिलं भांडं कोणतं?"

आमची यादी वाळवीनं अर्धी खाल्लेली होती. उरलेली नानांनी अक्काकडून वदवून घेतली. घागर, तांब्या, दोन पातेली, कढई. प्रत्येकाला कुठे पोचा आहे, नाव कोणत्या बाजूला घातलंय, सगळं. चार वर्षांत अक्का आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. "परात," म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. ती परात आमच्या आईची होती. आई गेल्यावर वडिलांनी तिच्यावर अक्काचं नाव घालून दिली होती. माझा असा संताप झाला की विचारू नका. सुटकेचा कागद करायला आलेल्या बाईला हा गृहस्थ परातीवरून रडवत होता.

नानांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं. "माणूस फिरतो, भांडं फिरत नाही." साक्रीकडच्या कुणा नवऱ्यानं कोर्टात शपथेवर सांगितलं होतं की बायको आपण होऊन पळून गेली. नाना उठले आणि म्हणाले, "साहेब, पळून जाणारी बाई नवी कढई मागे ठेवील का? घरी विचारून बघा." न्यायाधीशांनी खरंच घरी विचारलं म्हणतात. निकाल बाईच्या बाजूनं लागला.

पहिला अर्ज झाला. वसंतरावांनी दाखवाल तिथे सही केली. लगेच नानांनी फैजपूरला भांड्यांसाठी पत्र धाडलं आणि सासूचं उत्तर आलं: भांडी मागाल, तर पोरगा दुसऱ्या तारखेला येणार नाही.

मी नानांचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, सोडा ती भांडी. तिकडे मास्तरांची आई दिवस मोजते आहे. नानांनी कागदांचं बाड माझ्यापुढे सरकवलं. "दुसरा वकील बघ. मी अर्धं काम करत नाही."

मी बाड उचललंही होतं. अक्का म्हणाली, "राहू दे. नाना म्हणतात तसं होऊ दे."

एका रविवारी नाना आणि मी फैजपूरला गेलो. नानांच्या काखेत दोन रिकामी पोती होती आणि खिशात यादी. अक्काची सासू ओट्यावर गहू निवडत बसली होती. मला वाटलं आता जुंपणार. पण नाना शांतपणे टेकले आणि म्हणाले, "मावशी, पाणी पाजता का?"

शत्रूलाही पाणी नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. पाणी आलं. नाना घटाघटा प्याले, तांब्या उलटा केला, काठाखालचं नाव वाचलं आणि तो पोत्यात टाकला. "पाणी गोड आहे," म्हणाले.

"तुम्ही पानी मांगलं का तांब्या?" सासूबाई म्हणाल्या.

"पाणी मागितलं, मावशी. तांब्या आमचाच होता."

मग त्यांनी तिथेच बसून खणखणीत आवाजात यादी वाचायला सुरुवात केली. शेजारपाजारचे लोक जमले. सासूबाईंची जीभ चालू होती. पण नानांनी एक नाव वाचलं की वसंतराव आत जात आणि ते भांडं आणून ठेवत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. परात आणली तेव्हा तिला पीठ लागलेलं होतं. ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि मला हळूच विचारलं, "सुमन बरी आहे ना?" इतका राग असूनही मला त्या माणसाची कीव आली.

"घिऊन जा," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "आता पाहातेच मी, माझं पोरगं धुयाले कसं येतं ते."

धुळ्याला येऊन पोती सोडली. सगळं बरोबर निघालं, वर एक पितळी गडू जास्तीचा. घाईत पातेल्याच्या पोटात राहून आलेला. त्यावर सासूबाईंचं स्वतःचं नाव होतं आणि खाली त्यांच्या माहेरचं गाव. मी म्हटलं, "बरं झालं, असू दे तिची आठवण." नानांचा चेहरा उतरला. पुढ्यातला चहा तसाच ठेवून ते उठले. दुसऱ्या दिवशी कोर्टातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून पहिल्या एसटीनं एकटे फैजपूरला गेले. तिथे काय बोलले, ते सांगायला तयार नव्हते.

सहा महिने मी जेवणावर चिडत होतो. तारखेच्या दिवशी अक्का सकाळी आठपासून कोर्टाच्या व्हरांड्यात उभी. नाना हातात कागद धरून तिच्या शेजारी. वसंतरावांचा पत्ता नव्हता. अकरा वाजून गेल्यावर फाटकातून धुतलेली टोपी घातलेले वसंतराव आले, आणि त्यांच्या मागून सासूबाई. मला वाटलं, संपलं.

सासूबाई थेट अक्कासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुहा वकील गडू वापस घिऊन आला होता. मले म्हने, मावशी, तुमचं माहेर चुकून आमच्या पोत्यात आलं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "लगन झाल्यापासून माहेराचं नाव मले कोनी इचारलं नही. त्यानं बसून इचारलं. गावात कोन हाये, भाऊ हायेत का." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "जाय. हो म्हन."

न्यायाधीशांनी वसंतरावांना एकदाच विचारलं. ते दोनदा हो म्हणाले. अक्का मोकळी झाली.

लग्न पिंपळनेरला, अगदी घरच्या घरी ठरलं. पत्रिका द्यायला मी नानांच्या घरी गेलो. नानांनी पत्रिका वाचली आणि सवयीनं विचारलं, "यादी केली का?"

"नाही. मास्तर काही नको म्हणतात. अक्का फक्त परात नेणार आहे."

"बरं आहे," म्हणाले आणि मला पाणी द्यायला स्वयंपाकघरात गेले. बोलत बोलत मीही मागे गेलो. गावाला वाटे तसं मलाही वाटत होतं, नाना सडे आहेत. घरात अॅल्युमिनियमची चार भांडी, एकावरही नाव नाही. फळीवर मात्र एक पितळी पातेलं होतं, घासून लखलखीत, आतली कल्हई ताजी. मी नाव वाचलं. सौ. सिंधू.

नाना माझ्याकडे न बघता माठाचं झाकण काढत म्हणाले, "वीस वर्षं झाली. पंचांसमोर फारकत झाली आमची. तिची तक्रार एकच, मी घरात बोलत नाही. खरं होतं ते. पंचांमध्ये नीट वाचता येणारा कोणी नव्हता, म्हणून तिची यादी मीच वाचली. सगळं दिलं. हे एक तेव्हा कल्हईवाल्याकडे राहिलं होतं."

"आता कुठे असतात त्या?"

"जळगावला. मुलं मोठी झाली तिची. बरं चाललंय." त्यांनी पेला भरला. "दर दिवाळीला कल्हई करून घेतो. फडक्यात बांधतो. जळगावच्या गाडीपर्यंत नेतो."

"मग?"

"गाडी निघून जाते."

सासूचा गडू दुसऱ्या सकाळी पोचवणारा हा माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, एकदाचं देऊन का टाकत नाही?"

कोर्टात आणि अशिलांशी नाना शुद्ध बोलत. आता मात्र ते त्यांच्या आईच्या बोलीत बोलले. "दी टाकं तर सरनं ना, भाऊ." देऊन टाकलं तर संपलंच ना, म्हणत होते.

त्यांनी पेला माझ्या हातात दिला. मी पाणी प्यालो. त्या घरातल्या पेल्यावर नाव असणार नाही हे ठाऊक असूनही मी तो उलटा करून पाहिला.